आईने सोडलेली मासळी

२६ ऑक्टो., रविवार
सेमिस्टर सुरू. बेलापूरच्या घरातली मागची खोली, पाठीला कपाट, समोर लॅपटॉप. जेरुसलेमची घड्याळं आजच तासाने मागे गेली, हे साफ विसरले. तासभर आधीच लॉगिन करून, केस विंचरून, रिकाम्या स्क्रीनसमोर शहाण्यासारखी बसले. ज्यू स्टडीजचं दुसरं वर्ष म्हणे!
जेरुसलेमच्या वर्गात सगळे बाकांवर, मी एकटी भिंतीवरच्या पडद्यावर. बाईंनी विचारलं, वडील कसे आहेत. म्हटलं, पायाला प्लास्टर आहे, चिडचिड करतायत, म्हणजे बरे आहेत.
दोन आठवडे ऑनलाइन चालेल. १० नोव्हें.ला वर्गात प्रत्यक्ष हजर, नाहीतर हे वर्ष सोडायचं. तिकीट ९चं काढून ठेवलंय. यंदाचा विषय: नवस आणि शपथा, ते कसे लागतात आणि कसे सुटतात.

२८, मंगळवार
पप्पांनी रबाळ्याच्या कारखान्यात जन्म काढला, कधी खरचटलं नाही. आणि पडले कुठे, तर सोसायटीच्या पायरीवरून. आता वॉकर घेऊन हॉल ते बाल्कनी. वॉकरला शिव्या.
बाईंची मेल. पुढे पीएच.डी. करणार का? तिथेच? म्हणजे आणखी चार-पाच वर्षं तरी. मी 'हो' लिहून पाठवलं, मग घरभर येरझाऱ्या घातल्या. घरी बोललेले नाही. तिकडे असले की इकडे जीव लागून राहतो, इकडे आले की बॅग भरावीशी वाटते. धड कुठेच बसवत नाही.

३१, शुक्रवार
सकाळी तळवलीच्या मासळीवाल्या मालनमावशी दारात. टोपलीत जिताडा, केवढा तरी. म्हटलं, अख्खा द्या, आज शब्बाथचं जेवण, तिघं आहोत.
"तिघा कुठं? दोघांपुरता घे," त्या म्हणाल्या. "तुझी आई कुठं खाते? वरीस झाला, तिच्या वाट्याची तुकडी मी कापलीच नाय."
आईकडे बघितलं. "ॲसिडिटी," आई म्हणाली आणि भांडी विसळायला लागली. ही बाई तापातसुद्धा तळलेलं पापलेट मागायची!
दिवे लागायची वेळ झाली. शब्बाथ लागला की उद्या संध्याकाळपर्यंत लेखणी बंद.

२ नोव्हें., रविवार
आई भाजीला गेली तेव्हा पप्पांना धरलं. आधी टाळाटाळ, मग बोलले. मी गेले त्याच महिन्यात दोघं अलिबागकडच्या खंडाळ्याला गेले होते, एलियाहू हनाबीच्या टापावर, म्हणजे त्या प्रेषिताच्या रथाची खूण आहे त्या खडकावर. आमचे कोकणातले ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे नवस बोलतात. आईने हात जोडले आणि बोलली: नोमी कायमची घरी येईपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही.
"आणि तुम्ही?"
"मी काय? मी बाजूला उभा होतो."
इतका संताप आला. मी तिकडे पुस्तकात डोकं घालून बसलेय आणि ही बाई वर्षभर दुधीभोपळा खातेय, माझ्या नावाने. आल्या आल्या भांडले. म्हटलं, हा जुलूम आहे माझ्यावर.
"तुझ्यावर कुठे? मासळी मी सोडली."
दार आपटलं. बिजागरी सैल होती, ती निघाली.

४, मंगळवार
आजचा पाठ. बायकोचा नवस नवऱ्याच्या कानावर आला तर त्याच दिवशी तो रद्द करू शकतो. 'मला मान्य नाही' एवढं म्हटलं की झालं. पण दिवसभर गप्प बसला, तर नवस पक्का. गप्प बसणं म्हणजेच होकार.
माइक बंद करून तशीच हॉलमध्ये गेले.
"पप्पा, तुम्ही तिथे नुसतं नको म्हणाला असतात तर सुटला असता. का बोलला नाहीत?"
टीव्हीचा आवाज कमी केला त्यांनी. म्हणाले, "म्हटलं, असू दे. लागू पडला तर पडला."
म्हणजे दोघंही सामील. रागवायचं सोडून रडूच आलं. परत येऊन बसले तर बाई पुढचं सांगत होत्या: अजून एक वाट असते. तीन जाणते पुरुष बसवायचे. ते विचारतात, हा नवस केल्याचा पश्चात्ताप होतो का? 'हो' म्हटलं की ते सोडवतात. बस्स.

५, बुधवार
शालोममामांना फोन केला. आईचे थोरले भाऊ, पनवेलच्या सिनेगॉगमध्ये त्यांच्या शब्दाला मान. म्हणाले, "अगं, आपल्या ज्यू नवीन वर्षाच्या आधी आपण सगळे नवस सोडवून घेतोच की. दोघांना घेऊन येतो शुक्रवारी."
आई अडून बसेल वाटलं होतं. ती म्हणाली, "येऊ देत. दूध जास्तीचं सांग."
फार खूश झाले मी. वर्षभर शिकले त्याचा घरात पहिल्यांदा काही उपयोग. परवा आई मासा खाईल, रविवारी मी विमानात, कुणाचा कुणावर भार नाही. पीएच.डी.चं तिकडे पोचून फोनवर सांगेन.

७, शुक्रवार
आले तिघं. टोप्या घालून सोफ्यावर ओळीने बसले. पप्पा बाल्कनीच्या दाराशी, वॉकर धरून. आई समोर, डोक्यावरून पदर.
मामांनी सावकाश विचारलं, "बाय, हा नवस केल्याचा तुला पश्चात्ताप होतो?"
"नाही," आई म्हणाली.
मामा खाकरले. परत विचारलं, जरा सुचवल्यासारखं. "म्हणजे आधी कळलं असतं इतकं जड जाईल, तर केला नसतास ना?"
"केला असता. जड जाणार हे माहीत होतं म्हणून तर केला."
तिघं एकमेकांकडे बघायला लागले. मी मधेच म्हटलं, आई, नुसतं हो म्हण ना! ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही.
"दादा, आता हिला विचारा."
"तिने कुठे नवस केलाय?"
"विमानतळावर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली होती, शपथ आई, दोन वर्षांत परत येते. मी मागितली नव्हती. माझा नवस त्या शपथेच्या जोरावर आहे. तिला ती शपथ सोडवून हवी असेल तर तिने सांगावं, मग मी कशाला उपाशी राहू?"
मला वाटतं, मेलचं तिला माहीत नाही. पण बघत होती अशी की माहीत असावं.
मामांनी खरंच विचारलं. "नोमी, पश्चात्ताप होतो का ती शपथ घेतल्याचा?"
सगळे नियम पाठ आहेत मला. हो म्हटलं की मी मोकळी. नाही म्हटलं की बाईंना नकाराची मेल लिहायची. तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा गरम करून आणू का?"
गरम केला. ते पिऊन गेले. दिवे लावायचे आहेत, थांबते.

९, रविवार
बॅग भरलीय. टॅक्सी चारला. पप्पा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत, जसं काही तेच निघालेत. आई पोळ्या लाटतेय.
मघाशी मामांचा फोन आला. "पोरी, आम्ही तिघं दुपारपर्यंत इथे सिनेगॉगमध्येच आहोत. तुला शपथ सोडवून हवी असेल तर येतो. नको असेल तरी सांग, म्हणजे हे दोघं घरी जातील."
म्हटलं, मामा, जरा थांबा.
तिघं अजून थांबलेत.