सगुणा आवाज करत नाही

३ डिसेंबर १९४५, गोंदिया
पोरांच्या खोलीत आज नववं लेकरू आलं. सगुणा, दोन वर्षांची. आई जनी शेजारच्या कारखान्यात विड्या वळते. नवरा नाही, माहेर चिचगडला. नऊ जणांना सांभाळायला मी एकटी. कारखान्याच्या शेठाणीबाईंना वाटतं पोरं म्हणजे गाठोडी, ठेवली तिथे राहतात. सगुणा खरंच राहिली!

६ डिसें.
बाकीच्यांचं आता कळतं मला. गणूने कान ओढला की झोप. बन्सीचं 'पानी' पाण्याला, पेजेला, आणि रागावला की मलाही. सगुणाचं काहीच नाही. आज पडली, गुडघा फुटला. तोंड उघडलं, डोळ्यांतून घळाघळा, आवाज नाही. पाठीमागे थाळी बडवून पाहिली. वळली नाही, अंग चोरून बसली.

७ डिसें.
माझ्या जिभेला हाड नाही. जनीला सांगून बसले, पोरीला ऐकू येत नसावं. तिने पोरीला उचलून कडेवर घेतलं. मग, "बहिरी पोरगी घेऊन मी कसी काम करू बाई? मायपाशी धाडतो चिचगडले. पुढच्या सोमवारी भाऊ येऊन राहिला बैलबंडी घेऊन."

१० डिसें.
खोडकरही आहे बया. बन्सी रडला की जाऊन त्याच्या तोंडावर पंजा दाबते. आज हातावर एक फटका दिला. रडली, तशीच, मुकाट.

१२ डिसें.
गणूच्या मुठीतले चिंचोके तिच्यामागे सांडले, दोन-चारच. सगुणा वळली! मी पुन्हा सांडले, पुन्हा वळली. ऐकते पोर! मग थाळीला का...
जेवणाच्या सुट्टीत जनीला गाठलं. आधीच्या कारखान्यात लेकरू आणायची मनाई होती. ही सगुणाला तेंदूपानांच्या पोत्यांमागे लपवायची. मुनीम आत येताना पत्र्याच्या दारावर छडी बडवायचा.
"तिनं तोंड उघडलं का मी हात ठेवो बाई. दुसरं का करतो?"
म्हणजे बन्सीला ती वाचवत होती. आणि मी मारलं. लाज वाटली फार. दुपारभर तिचा तो हात हातात घेऊन बसले. तिने काढून घेतला नाही.

१४ डिसें.
सगुणाची भीती जावी म्हणून सगळ्यांना थाळ्या दिल्या वाजवायला. नुसता धिंगाणा. शेठाणीबाईंचा निरोप, डोकं उठलं म्हणून. उठू दे. सगुणाने थाळी मांडीवर पालथी घातली अन् बसली.
पोरीला ठेवून घ्यायला जनीचं मन होत नाही. "आयकते तं बोलत काऊन नाही? भावाले शब्द देल्ला मी."

१६ डिसें., रविवार
उद्या बंडी. जनी पोरीला घेऊन घरी आली माझ्या. तिला पुढ्यात बसवून म्हणत होती, "वरड माय, वरड. इथं कोनी नाही."
सगुणाने दाराकडे पाहिलं आणि आईच्या तोंडावर पंजा ठेवला. जनीने तो काढला नाही. त्याच्याआडूनच हाका मारत राहिली, सगुणा, ओ सगुणा. तळव्याला गुदगुल्या झाल्या असाव्यात. पोरीने हात काढून उलटसुलट पाहिला, मग स्वतःच्या तोंडावर ठेवला.
जनी हसली आणि मग मोठ्याने रडली. कोणी आलं नाही.
सगुणाने हात खाली घेतला. तोंड उघडंच. आवाज आला नाही, पण तिने झाकलंही नाही.
जाताना जनी म्हणाली, "सकाळी बंडीपाशी या बाई. भावाले तुमीच सांगा."
काय सांगू, ते विचारायचं राहिलं.