माशाच्या पोटातलं

४ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

इकडे माणसं ठीक आहेत, हंगामाचं मात्र विचारू नकोस. तीन महिने रोज पहाटे बाबांची बोट काढतो, तरी टोपलीचा तळ झाकत नाही. काल लिलाव करणाऱ्याने सगळ्यांदेखत सांगितलं, की भावोजींची बोट काठोकाठ भरून येते. समुद्र तोच, बोटही तेवढीच! माझा नुसता जळफळाट झाला. बाबा शेवटची दोन वर्षं तुमच्याकडे होते. माशांची जागा त्यांनी जावयाला सांगितली आणि पोटच्या पोराला नाही, असंच ना? भावोजींना स्पष्ट विचार. नाहीतर बोट विकून मी बर्फाच्या कारखान्यात लागतो. बायकोने तिथे शब्दही टाकून ठेवलाय.

भावोजींना नमस्कार (घालावाच लागतो). रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा


११ मे

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हसता हसता चहा सांडला. म्हणाले, त्याला कळव, मला तर त्याची बहीणच सांगते.

खरं तेच आहे. सुरुवातीला आमचीही बोट रिकामी यायची. मिळालेले चार मासे साफ करायला घेतले, तर पोटात खेकड्यांची बारकी पिल्लं. म्हणजे मासे तळाशी चरत होते. ह्यांना म्हटलं, जाळ्याला वजनं वाढवा, तळाला टेकू द्या. आठवड्यात बोट भरली. तू मासा न कापता लिलावात देतोस, तुला कसं दिसणार?

बाबांनी जावयाला काही सांगितलं नाही, मलाही नाही. ते तुला बोटीवर न्यायचे आणि मी मागे मासे साफ करत बसायचे. परत आल्यावर मिठाने पांढरे झालेले तुझे हात बघून मला रडू यायचं. एकदा तुझे बूट मीच पाण्यात फेकले होते, तुला जाता येऊ नये म्हणून. बाबांनी तुला अनवाणी नेलं. जळायचंच म्हणशील, तर मी तुझ्या कितीतरी आधीपासून जळते आहे.

बोट विकू नकोस. वहिनीला सांभाळ, आणि या बहिणीवर माया असू दे.

तुझी,
ताई


२८ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आठवडाभर तुझ्यावर धुमसत होतो, म्हणून उत्तर नाही. मग एक मासा घरीच कापला. पोटात पिल्लं होती. इतके दिवस तुम्हाला नावं ठेवली, आता बायकोसमोर मान वर करवेना. वजनं बांधली. पहिल्या दिवशी जाळं खडकाला अडकून फाटलं, चौथ्या दिवशी अर्धी बोट भरली. हंगाम संपायला तीनच दिवस उरलेत, म्हणजे तो गेलाच.

बोट विकत नाही. पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी तू इकडे ये. बोट मी चालवीन, जाळं कुठे आणि किती खोल सोडायचं ते तू सांग. तू आल्याशिवाय बोटीचा दोर सोडणार नाही. लिलावात कोणी विचारलं, तर ताईची अक्कल म्हणून सांगेन. हे लिहिताना अजून पोटात दुखतंय, पण सांगेन.

भावोजींना मनापासून नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
धाकटा