बेसिलचे कोंब आणि दोनशे बारा पायऱ्या

२ मे
आजपासून नवीन आयुष्य. काल डॉक्टर नोचेतीबाई म्हणाल्या, ऑरेस्ते, कोलेस्टेरॉल वाढलंय, वजन वाढलंय, जरा हलत जा. मी म्हटलं, बंदरावर बत्तीस वर्षं क्रेन चालवलीय! त्या म्हणाल्या, व्यायाम क्रेनला झाला, तुम्ही बसून होतात.
घरी येताना एकशे दहाव्या पायरीवर टेकलो. दम लागला म्हणून नाही. समुद्र छान दिसत होता.

३ मे
बायकोने, एर्सिलियाने, परत तेच काढलं. डोंगरावरचं घर विकू, खाली लिफ्टवाला फ्लॅट घेऊ. मी इथे जन्मलो! कडाक्याचं भांडण. शेवटी तह झाला. २४ जूनला, सान जोव्हान्नीच्या सणाला, मी घरापर्यंतच्या दोनशे बारा पायऱ्या न थांबता चढलो तर मुक्काम इथेच. नाहीतर फ्लॅट.
बिचारीला माझी जिद्द अजून कळलेली नाही.

५ मे, सकाळी
सापडलं! दवाखान्यातल्या मासिकातलं पान फाडून आणलं होतं (विज्ञानासाठी). बेसिलच्या पानांपेक्षा कोवळ्या कोंबांत गुण कितीतरी जास्त. हृदय, रक्त, पचन, सगळं एका कोंबात. 'असू शकतात' असं लिहिलंय, पण शास्त्रज्ञ मुळातच लाजाळू.
आख्खं जेनोवा पिढ्यान्‌पिढ्या पानं कुटून पेस्तोची चटणी खातंय आणि कोंबांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही!

७ मे
बी मसुरासारखं बरणीत भिजवलं. सकाळी बघतो तर बरणीभर बेडकाची अंडी. बुळबुळीत. एर्सिलिया म्हणाली, कुठल्या डबक्यातून आणलंस? तरी दोन चमचे घेतले. गिळावे लागले नाहीत, आपणहून गेले.

११ मे
पद्धत बदलली. ट्रेमध्ये मातीचा पातळ थर, वर बी भुरभुरायचं, त्यावर फडकं घालून ते ओलं ठेवायचं. पाच ट्रे गच्चीत. मातीची पिशवी एर्सिलियाने खालून आणली. ती बाजारातून येतच होती, आणि मला ताकद राखून ठेवायची आहे.

१८ मे
कोंब!!! इवलीशी दोन दोन पानं, गोल, हिरवीगार. वास असा की डोळे मिटले. पहिला डोस फोकाचावर घातला, तेलात न्हालेल्या गरम पावावर. पाव म्हणजे नुसतं वाहन, औषध ते वरचं. लगेच हलकं वाटलं. दुसरा तुकडा खाल्ला, आणखी हलकं वाटलं. चौथ्यानंतर तर तरंगत होतो. दुपारी झोप उत्तम.

२७ मे
खालच्या घरातला तुल्लिओ. वय एकोणऐंशी, तोंडात सिगारेट, आणि पायऱ्या चढतो शिट्टी वाजवत. रहस्य विचारलं. म्हणाला, वर वाईन असते. अडाणी माणूस. त्याला चिमूटभर कोंब दिले. म्हणाला, अरे लेका, ही तान्ही बाळं आहेत, मोठी तरी होऊ दे त्यांना!

२ जून
पहिली ट्रायल. शहाण्णव पायऱ्या. ऊन होतं. बूटही चुकीचे.

९ जून
दोन ट्रेंना बुरशी. दुःख. उरलेल्यांचा डोस दुप्पट केला. म्हणजे फोकाचाही दुप्पट, प्रमाण पाळायला हवं.

१५ जून
एक ट्रे भेट म्हणून डॉक्टरांना नेला. त्यांनी चिमूट तोंडात टाकली. म्हणाल्या, झकास लागतं, खा की, चांगलंच आहे. पण ही भाजी आहे, औषध नाही. आणि कशाबरोबर खाता? सांगितलं. मग काट्यावर उभं केलं. दीड किलो जास्त. स्नायू असणार. म्हणाल्या, रोज थोड्या पायऱ्या चढा. या बाईंना पायऱ्यांचं वेडच आहे!

२३ जून
उद्या! शेवटचा ट्रे सबंध खाल्ला. अंगात घोडा संचारलाय. स्वयंपाकघरात नाचलो. एर्सिलियाला उचलायला गेलो, ती म्हणाली, नको, गुडघा. मी म्हटलं, कोंब खा!

२४ जून, संध्याकाळी
सुरुवात जोरदार. पन्नासपर्यंत गात होतो. नव्वदला गाणं थांबलं. एकशे दहा ओलांडली, नवा रेकॉर्ड! एकशे चाळीसला पायांनी परस्पर निर्णय घेतला आणि मी बसलो.
मागून एर्सिलिया आली, दोन्ही हातांत सणाच्या बाजाराच्या पिशव्या. आता ऐकवणार म्हणून मी मान खाली घातली. तिने पिशव्या ठेवल्या आणि कठडा धरून हळूहळू माझ्याशेजारी बसली. स्कर्ट सारून गुडघे चोळायला लागली. दोन्ही गुडघे भोपळ्यासारखे सुजलेले.
मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, दोन वर्षं झाली. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुला हे घर सोडवत नाही, माहीत नाही का मला? वाटलं, तुझ्या दमाच्या निमित्ताने निघालो तर बरं. माझ्या गुडघ्यांपायी निघालो असतो तर जन्मभर तोंड पाडून बसला असतास.
खाली बंदरातल्या क्रेन दिसत होत्या.
थोड्या वेळाने मी म्हटलं, उद्या फ्लॅट बघून येऊ. ती बरं म्हणाली. पिशव्या मी घेतल्या. चांगल्याच जड होत्या.
वर अजून बहात्तर पायऱ्या. आधी कोणी उठायचं, यावर बराच वेळ एकमत होईना.