आईच्या गालाचा रंग

अकोला, रविवार, संध्याकाळ

आईचे व्यक्तिचित्र आज पूर्ण होत आले होते, आणि ते मीच बिघडवले. दुपारी धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, आईले जराशी गोरी कर न. हॉलमदी लावाचं हाये, पाहुणे पाह्यतीन." मी चित्रकलेची शिक्षिका; मी ऐकले तरी का? गालाच्या तपकिरी रंगात पांढरा मिसळला. वर्गात मीच शिकवते की पांढऱ्याने सावळी त्वचा उजळत नाही, राखट होते. तसाच झाला तो गाल.

आईने चहा ठेवता ठेवता पाहिले. "काहून वं, मले आजारी करून टाकलं?"

लगेच गाल खरवडला. पुन्हा तांबडा, पिवळा, सावलीत किंचित निळा. आणि हनुवटीखाली तिच्या पांढऱ्या सुती लुगड्यावरून परावर्तित झालेला उजेड. वस्त्र त्वचेला रंग देते, किती सुंदर नियम! पांढरा आता लुगड्यापुरताच. गालाला मुळीच नाही.

आत्ता भावाचा फोन आला. "झाली का गोरी?"

"नाई. आईसारखी झाली."

"पाहुण्याइले नाई पटलं तं?"

"तं त्याइले चित्रासमोर, आईच्या बाजूले बसव, अन् मंग विचार कोणाचं चुकलं."