परीक्षेच्या खाटेवर अण्णा

तीर्थरूप ताई,

इथूनच वाकून नमस्कार (कंबर अजून वाकते, हे कळावं). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का?

अभिनयाच्या शेवटच्या श्रेणीची प्रात्यक्षिक परीक्षा मी पास झालो. निकाल आधीच सांगून टाकतो, कारण तू पत्र शेवटच्या पानापासून वाचतेस. चष्म्याच्या दुकानातल्या माणसाला या वयात नाटकं कशाला हवीत, असं तू विचारलं होतंस. ताई, दिवसभर अंधाऱ्या खोलीत ‘आता बरं दिसतं की आधी?’ एवढं एकच वाक्य म्हणून बघ, म्हणजे कळेल.

मी निवडलेला प्रवेश असा : बाप मरणाला टेकलाय आणि त्याच्याशी कधी धड न बोललेला मुलगा उशाशी बसून बोलतोय. बापाला एकही वाक्य नाही, पण खाटेवर कुणीतरी हवं. वर्गातला जो मित्र निजणार होता त्याची ऐन वेळी पाठ धरली (नुसतं निजायच्या कामात पाठ धरणं त्यालाच जमू शकतं). मग हिनं परस्पर अण्णांना विचारलं. अण्णा म्हणजे माझे सासरे, जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. आमचं दोघांचं संभाषण म्हणशील तर ‘पेपर वाचून झाला का?’ इथपर्यंतच.

तालमीत अण्णा काही केल्या मरेनात. मी गहिवरून म्हणायचो, ‘बाबा, तुम्ही मला कधी जवळ घेतलं नाहीत,’ की खाटेवरून उत्तर यायचं, ‘वेळ कुठे होता?’

‘अण्णा, तुम्हाला बोलायचं नाहीये.’

‘मग तो विचारतो कशाला?’

शेवटी आमच्या शिक्षिकेनं त्यांना बजावलं, की डोळे मिटा आणि काही झालं तरी बोलू नका. अण्णांनी हे फारच मनावर घेतलं. परीक्षेच्या दिवशी मी दुसरं वाक्य म्हणेपर्यंत ते घोरू लागले. परीक्षक बाई मान खाली घालून लिहीत होत्या (त्यांच्या चष्म्याचा नंबर बदललाय, पण ते सांगायची ती वेळ नव्हती). त्या घोरण्यात माझं पुढचं वाक्य असं हरवलं, की काही केल्या सापडेना. आणि घोरणं थांबलं.

अण्णांची छाती हलेना. ताई, पुढचं मला नीट आठवत नाही. मी म्हणे त्यांचे दोन्ही हात धरून म्हणत होतो, ‘अण्णा, असं नका करू. घरात तुम्ही आहात म्हणून बरं वाटतं हो, मी कधी बोललो नाही.’ (नाटकात अण्णा नावाचं कुणी नाही.) तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, ‘झालं का?’

बाई म्हणाल्या, ‘शेवटचं भाषण गाळलंत, ते उत्तम केलंत.’ मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि पोटभर रडलो. पास झाल्याचं नव्हतं ते. अण्णा शेजारी उभे राहून चपलेचा अंगठा सरळ करत होते, इतके जिवंत, की मला चपलेचंही कौतुक वाटलं. आता सगळं हलकं हलकं वाटतंय.

हिचा नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण. पदवीदानाला हाच प्रवेश पुन्हा करायला सांगितलाय. अण्णांना त्या खाटेवर पुन्हा निजवणं माझ्यानं होणार नाही. भाऊजी बसल्या जागी झोपतात आणि त्यांचं घोरणं कधीच थांबत नाही. त्यांना दोन दिवस पाठव.

ता. क. (दुसऱ्या हस्ताक्षरात) ताई, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून वाचलं. मी झोपलो नव्हतो, घोरणं हा माझा अभिनय होता. जावई वाक्य विसरले. ते मला पाठ होतं, पण बोलायची बंदी होती, म्हणून निदान मरून तरी प्रवेश पुढे न्यावा, या हिशेबानं श्वास धरला. मग ते इतकं चांगलं बोलू लागले, की थोडा जास्तच धरला. त्यांना कळवू नये. तुमच्या यजमानांनाही पाठवू नये, मी आहे.