फुटाण्याचा खुराक

आबा,

फुटाण्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडं चाललोय. कालपासनं सशानं गवताला तोंड लावलेलं न्हाय, पोट टम्म फुगलंय. पिंजऱ्यात दुधाची वाटी आणि कुटलेले बदाम सापडले. हे तालमीतलं डोकं कुणाचं, ते विचारायची गरजच न्हाय.

किती वेळा सांगितलं तुम्हाला, ह्या सशाची जातच बारकी असते. ओंजळीत मावतो म्हणजे उपाशी हाय असं न्हाय. त्याला गवत लागतं, खुराक न्हाय. त्याला काय खासबागेत कुस्तीला उतरवायचाय?

वाचला तर घरी आणतो. आणल्यावर पिंजऱ्याला हात लावायचा न्हाय. गच्चीवर वाळत टाकलेलं गवत तेवढं खाली आणून ठेवा. तुमची भाकरी झाकून ठेवलीय, खाऊन घ्या.

आणि मलाबी तुम्ही दहावी होईपर्यंत असंच दूध-बदाम पाजलंत. मला सोसत न्हवतं. घरामागं परड्यात जाऊन ओकून यायचो, की तुम्ही परत पेला भरून उभे. तरी मी बारकाच राहिलो की.

मला मात्र कुणी डॉक्टरकडं नेलं न्हाय.

अमरसिंह