नको तिथं हळद-चुना

बोदवड, मंगळवार, दिवे लागताना

धुळ्याला सुनेच्या माहेरी मला नातू झाला! पहिला नातू, माझा तर पायच जमिनीवर ठरेना. रविवारी बारसं आहे. पण परवा गोऱ्ह्यानं यांना लाथ हाणली, नेमकी नको त्या जागी. मुका मार होता. गार पाण्याची घडी ठेवून पडून राहिले असते तर उतरला असता. तर यांनी काय करावं? पाय मुरगळल्यावर लावतात तसा कढत हळद-चुना तिथंच थापला. चुना, आणि तिथं! कातडी सोलून निघाली. आता सूजही वाढलीय, बसवत नाही.

म्हटलं, "दवाखान्यात चला."

"तिथं डॉक्टरीण बाई आहे. तिले दाखवू का मी? काही लाज आहे का तुले?"

"तिले काय नवीन आहे हो त्याचं?"

भिंतीकडे तोंड करून पडलेत. किती सांगायचं? चुन्यानं भाजूनही शहाणे झाले नाहीत. यांना असं टाकून मी कशी जाऊ?

शेजारची अक्का उद्या धुळ्याला निघालीय, तिच्याजवळ टोपरं देऊन टाकलं. अंदाजानंच शिवलंय. बाळाचं डोकं केवढं आहे, मला काय ठाऊक.